आभासांतील रणांगण

कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्यें उभीं राहिलीं, त्या वेळीं व्यास धृतराष्ट्राकडे आले आणि युद्ध पाहण्याची इच्छा असेल तर तुला दृष्टि देतों, असें म्हणाले. जन्मभर अंधारांत राहिलेल्या त्या राजानें ती दृष्टि घेतली नाहीं. स्वकीयांचा वध डोळ्यांनीं पाहावयाचा नाहीं, मात्र वृत्तान्त ऐकावयास मिळावा, एवढेंच त्यानें मागितलें; आणि मग ती दिव्यदृष्टि संजयाच्या वाट्यास आली. भीष्मपर्वांतील हा प्रसंग श्रोत्यांच्या परिचयाचा आहे. त्यांत संजयाचें कौतुक सर्वच करितात. धृतराष्ट्राच्या नकाराकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. आज व्यासांचें तें वरदान बाजारांत विकत मिळूं लागलें आहे, तेव्हां त्या नकाराचाहि थोडा विचार व्हावयास हवा.

‘व्हर्च्युअल रिॲलिटी’, म्हणजे आभासी वास्तव, असें ह्या नव्या विद्येचें नांव. चष्म्याहून बरेंच मोठें असें एक साधन डोळ्यांवर बांधावयाचें. त्याच्या आंत प्रत्येक डोळ्यापुढें किंचित् भिन्न असें चित्र असतें आणि दोहोंच्या मिलाफानें देखाव्याला खोली येते. हें तत्त्व जुनेंच आहे; चार्ल्स व्हीटस्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें तें १८३८ सालीं मांडलें. नवें तें एवढेंच कीं, मान ज्या दिशेस वळेल त्या दिशेचा देखावा तत्काळ पुढें येतो. त्यासाठीं यंत्राला एका सेकंदांत चित्र नव्वदएक वेळां नव्यानें काढावें लागतें. त्यांत यत्किंचित् विलंब झाला तर पाहणाराला बोट लागल्याप्रमाणें मळमळूं लागतें. आयव्हन सदरलंड ह्या अमेरिकन संशोधकानें १९६८ सालीं असें एक साधन सिद्ध केलें, तें छताला टांगून ठेवावें लागत होतें. आतां तें शाळकरी मूलहि डोक्यावर चढवितें.

मनुष्याची ही हौस मात्र यंत्राच्या फार आधींची आहे. रॉबर्ट बार्कर ह्या चित्रकारानें १७८७ सालीं वर्तुळाकार चित्राचें पेटंट घेतलें आणि पुढें लंडनमध्यें त्यासाठीं खास इमारत उभारली. प्रेक्षक मध्यें उभा, सभोंवार चित्र, वरची कड छताआड लपलेली, खालच्या कडेपाशीं खरी माती नि खरीं झुडपें. चित्र कोठें सुरू होतें तेंच कळूं नये अशी योजना. असल्या चित्रांत लढायांना मोठी मागणी असे. गेटिसबर्गची लढाई झाली १८६३ सालीं. पॉल फिलिपोटो ह्या फ्रेंच चित्रकारानें १८८३ सालीं तिचें असें चित्र शिकागोंत मांडलें, तेव्हां तें पाहावयास त्या रणांत प्रत्यक्ष लढलेले सैनिकहि आले.

आभासी युद्धांचीं उदाहरणें आतां पुष्कळ झालीं आहेत. त्यांपैकीं एकाचा येथें विशेष उल्लेख करावासा वाटतो, कारण त्याचा जन्म नभोवाणींतून झाला. १९४३ च्या सप्टेंबरची ३ तारीख. बर्लिनवर हल्ला करण्यास निघालेल्या एका लँकेस्टर विमानांत नेहमींच्या सात जणांखेरीज आणखी दोघे चढले. वायनफर्ड वॉन-टॉमस हा बी. बी. सी. चा वार्ताहर आणि रेजिनल्ड पिड्सली हा ध्वनिमुद्रक. बरोबर तबकडी कोरणारें अवजड यंत्र. बाँबफेकीच्या विमानांत, थंडीनें बोटें गारठलेलीं असतांना, तबकडीवर सुई स्थिर ठेवणें म्हणजे काय, ह्याची कल्पना ज्यांनीं ग्रामोफोन हाताळला आहे त्यांना तरी यावी. चार एंजिनांची अखंड घरघर, वैमानिकांचे तुटक बोल, प्रकाशझोतांचें वर्णन, मध्येंच चालून आलेलें शत्रूचें लढाऊ विमान व त्याला खालीं पाडणारा बंदुकांचा भडिमार, हें सारें त्या तबकड्यांवर उतरलें आणि लोकांनीं तें घरीं बसून ऐकलें. २०१८ सालीं बी. बी. सी. नें त्याच ध्वनिमुद्रणावरून ‘१९४३ बर्लिन ब्लिट्झ’ ही आभासी कृति तयार करविली. पाहणारा त्या विमानांत शिरतो. कानांत पंचाहत्तर वर्षांपूर्वींचे तेच खरे आवाज, आणि खालीं धगधगणारें बर्लिन.

कृति प्रामाणिक आहे, ह्यांत शंका नाहीं. तथापि त्या रात्रींचा हिशेब तिच्याशेजारीं ठेवून पाहावा. बर्लिनवर ३१६ लँकेस्टर विमानें गेलीं, त्यांतील २२ परतलीं नाहींत. म्हणजे दीडशेंवर तरुण एका रात्रींत नाहींसे झाले. सबंध महायुद्धांत ब्रिटनच्या बाँबफेकी दलांत सुमारें सवा लाख वैमानिकांनीं उड्डाणें केलीं, त्यांतले ५५,५७३ मृत्यु पावले. वॉन-टॉमसची तबकडी आज ऐकूं येते, ती त्याचें विमान परत आलें म्हणून. त्या बावीस विमानांपैकीं एकांत तो चढला असता, तर ही कृतिच निर्माण झाली नसती. आभासांतील विमान प्रत्येक प्रयोगाला सुखरूप परत येतें, आणि त्यांत बसणाराला तें आधींच ठाऊक असतें. एंजिनाचा आवाज, धूर, प्रकाश, सारें हुबेहूब साधतें. परंतु आपण परत जाऊं कीं नाहीं ही धास्ती, जी त्या नऊ जणांच्या सोबत सारी रात्र बसून होती, ती कोणत्याहि चष्म्यांत बसवितां येत नाहीं.

दुसरा प्रश्न आसनाचा. पाहणाराला कोठें बसवावयाचें, हें कर्ता ठरवितो. विमानांत बसविलें कीं शहर खालीं राहतें; इतक्या उंचीवरून आग डोळ्यांना सुंदरहि वाटते. त्या रात्रीं शार्लोटेनबुर्ग, मोआबिट अशा वस्त्यांवर बाँब पडले, तेथील तळघरांत मुलांना पोटाशीं धरून बसलेल्या बायांचें आसन ह्या कृतींत नाहीं. तिच्या कर्त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं, तळघरांत ध्वनिमुद्रक नव्हता. पण ज्याच्यापाशीं तबकडी होती त्याच्याच डोळ्यांनीं पुढील पिढ्या पाहणार, हें ध्यानांत असावें. जिंकणाराच्या दरबारीं लेखक असतो, हरणाराच्या झोपडींत नसतो. बखरींच्या काळापासून असेंच चाललें आहे.

ह्याहून वेगळें करणारा एक चित्रकार होऊन गेला. १८७१ च्या आरंभीं पराभूत झालेली फ्रान्सची एक फौज, सुमारें ८७,००० माणसें, बर्फांतून कशीबशी स्वित्झर्लंडच्या हद्दींत शिरली व तेथें तिनें शस्त्रें खालीं ठेविलीं. एदुआर्द कास्त्र हा स्विस चित्रकार रेडक्रॉसचा स्वयंसेवक म्हणून त्या सैन्याबरोबर होता. दहा वर्षांनीं, १८८१ सालीं, त्यानें तो प्रसंग वर्तुळाकार चित्रांत उतरविला. ल्युसर्न येथें तें चित्र आजहि पाहावयास मिळतें. घेर ११२ मीटर. त्यांत हल्ला नाहीं, विजयध्वज नाहीं. बंदुकांचे ढीग, उपाशी घोडे, आणि भाकरी व पांघरुणें घेऊन धांवणारे खेडूत आहेत. रेडक्रॉसच्या गाडीशेजारून चालणारा एक माणूस आहे, तो कास्त्र स्वतः. युद्ध पाहावयाचेंच असेल तर तें असें पाहावें.

आणि एक उपयोग असा आहे कीं, जेथें हा आभास करमणुकीसाठीं नसून औषधासाठीं आहे. व्हिएतनामच्या युद्धांतून परतलेले कित्येक अमेरिकन सैनिक वर्षानुवर्षें झोपेंतून दचकून उठत. १९९७ च्या सुमारास अटलांटांतील मानसोपचारतज्ज्ञ व संगणकशास्त्रज्ञ ह्यांनीं त्यांच्यासाठीं एक आभास रचला. एक हेलिकॉप्टर आणि जंगलांतील एक मोकळी जागा, एवढाच देखावा. चित्रेंहि आजच्या मानानें ओबडधोबडच. उपचारक जवळ बसून आवाज हळूहळू वाढवीत आणि सैनिक आपली हकीकत सांगूं लागे. ह्या देखाव्यांत शत्रूचा एकहि शिपाई काढलेला नव्हता. तरीहि झाडींत शत्रु दिसला, असें त्यांतल्या कांहीं सैनिकांनीं सांगितलें.