मान मोडून केलेले काम

(विडी कामगार बायकांच्या आरोग्य शिबिरातील भाषणावरून)



‘मान मोडून काम करते’ असे आपण एखादीबद्दल कौतुकाने म्हणतो. सोलापूरच्या, सिन्नर-संगमनेरच्या विडी वळणाऱ्या बाईबद्दल ते शब्दशः खरे आहे. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने नि तंबाखू, नजर बोटांवर, आणि मान तासन्‌तास खाली.

माणसाचे डोके साडेचार-पाच किलोचे असते. मान सरळ असली की ते मणक्यांवर तोललेले राहते. मान वाकली की तेच ओझे मानेच्या आणि खांद्यांच्या स्नायूंना मागून ओढून धरावे लागते. दिवसभर ताणलेले स्नायू दुखणार नाहीत तर काय?

दवाखान्यात एक्स-रे काढतात. ‘मणक्यात गॅप आहे, वय झालं,’ म्हणून पट्टा नि गोळ्या देतात. पण पन्नाशीनंतर अशी झीज पुष्कळांच्या एक्स-रेत दिसते, ज्यांची मान कधी दुखली नाही त्यांच्याही. दुखणे वयाचे की कामाचे, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी बाईला विचारावे लागते. ते कुणी विचारत नाही, कारण केसपेपरवर धंदा म्हणून ‘गृहिणी’ लिहिलेले असते. घरीच बसून वळते ना ती! नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत सिलिकोसिस आहे, शिशाची विषबाधा आहे. विडीवालीची मान नाही. कागदावर नोंदच नसेल तर ती यादीत यावी कशी? म्हणून कार्यकर्त्यांना माझे एकच मागणे आहे. बाईबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा केसपेपरवर तिचे काम, रोजचे तास आणि किती वर्षे वळते, हे लिहून घ्याच. डॉक्टर कुरकुरले तरी.

‘अर्ध्या तासाने उठा, खांदे फिरवा,’ हा सल्ला बरोबर आहे. पण मजुरी हजार विड्यांवर मिळते. उठले की विड्या कमी. पाने खराब आली, विड्या छाटात गेल्या, तर तो तोटाही तिचाच. दराबद्दल न बोलता विश्रांतीचा सल्ला देणे मला तरी जमत नाही. शिवाय सूप खाली ठेवल्यावर पाणी, भाकरी, धुणे आहेच, आणि त्यालाही तीच मान.

बहुतेक मानदुखी काही आठवड्यांत कमी होते. पट्टा महिनोन्‌महिने लावू नका, स्नायू आणखी दुबळे होतात. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्या तर पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडावरही परिणाम होतो. शीर दाबली गेली की खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. तेव्हा डॉक्टरांना दाखवा. पण हातातून वस्तू गळू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवर ताबा राहीना, तर मज्जारज्जूच दाबला जात असू शकतो. तेव्हा एक दिवसही थांबायचे नाही, मोठ्या रुग्णालयात जायचे. हे सासूला, नवऱ्यालाही सांगून ठेवा. ‘नाटक करते’ म्हणणारे घरातच असतात.

बसण्यात थोडा बदल बिनखर्चाचा आहे. पाठ भिंतीला टेकवायची, सूप मांडीऐवजी पाटावर किंवा उलट्या डब्यावर उंच घ्यायचे, उजेड समोरून येऊ द्यायचा. आता दोघीजणी सूप घेऊन पुढे या. पाट ठेवल्यावर मान किती वर येते, ते बाकीच्यांनी बाजूने बघा.