इंजिन बदलावे, पण कोन मोजून
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ आज मालमोटारीवर चालतो. कोणी मालक आहे, कोणी चालक, कोणी गॅरेजातील कारागीर. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला जुना शिक्षक. यंत्रविद्येची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु समांतर रेषांचा सिद्धांत मी उभ्या आयुष्यात फळ्यावर शिकविला, आणि ट्रकचे इंजिन बदलताना नेमका तोच सिद्धांत उपयोगी पडतो, एवढे सांगण्यापुरता माझा अधिकार आपण मान्य करावा.

दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या पेट्रोल ट्रकांत डिझेल इंजिन बसविण्याचा प्रघात आपल्याकडे पडला. आज तो पुष्कळ कमी झाला असला, तरी जुन्या गाडीला दुसरे इंजिन वा गिअरबॉक्स बसविण्याचे प्रसंग येतातच. नवे इंजिन लांबीने, उंचीने व वजनाने जुन्यासारखे क्वचितच असते. ते चौकटीत बसले आणि सुरू झाले, म्हणजे काम संपले असे आपण मानतो. खरे काम तेथून पुढे आहे.

गिअरबॉक्सपासून मागच्या पिनियनपर्यंत जो प्रॉपेलर शाफ्ट जातो, त्याच्या दोन्ही टोकांस क्रॉस-जॉइंट असतात. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्डानो याचे नाव या सांध्यास मिळाले आहे, आणि सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला. हा सांधा तिरका फिरत असता त्याच्या दोन बाजूंची गती सारखी राहत नाही. सांध्यात १० अंशांचा कोन असेल, तर मिनिटाला १००० फेरे घेणाऱ्या शाफ्टपुढचा भाग प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा सुमारे ९८५ च्या गतीपर्यंत मंदावतो व दोन वेळा १०१५ पर्यंत धावतो. हाच तो हादरा.

मग उपाय कोणता? पुष्कळांची समजूत अशी की, सगळे एका सरळ रेषेत आणावे. ती बरोबर नाही. सांध्यात कोन मुळीच नसेल, तर क्रॉसमधील सुया जागच्या हलत नाहीत आणि एकाच ठिकाणी खळगे पडतात. निदान अर्धा-एक अंश कोन हवाच. मात्र नित्याच्या चालीत तो तीन अंशांच्या आत असलेला बरा. खरा उपाय असा की, पुढचा सांधा जेवढी गडबड करतो तेवढीच मागच्याने उलट करून ती फेडावी. त्यासाठी दोन्ही कोन समान हवेत, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच पातळीत हवेत. म्हणून शाफ्ट उघडण्यापूर्वी त्यावर पंचाने खूण करावी. स्लिप जॉइंटचा एक दातादेखील चुकता कामा नये.

आता फळा आठवा. इंजिनाची रेषा व पिनियनची रेषा समांतर असतील, तर शाफ्ट ही त्यांची छेदिका होय, आणि व्युत्क्रम कोन समान असतात. इंजिन मागे ३ अंश उतरते, शाफ्ट ५ अंश उतरतो आणि पिनियनचे तोंड ३ अंश वर आहे. म्हणजे दोन्हीकडे २ अंश. हिशेब जुळला.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या ट्रकमध्ये असेच इंजिन बदलले होते. थोड्याच महिन्यांत तीन वेळा क्रॉस गेले. ठराविक वेगाला गाडीची फळी थरथरे. शाफ्टचे बॅलन्सिंग करूनही गुण आला नाही. आम्ही ओळंबा व कोनमापक घेऊन मोजले. नवे इंजिन सपाट बसविलेले आढळले, म्हणून पुढे ५ अंश व मागे २. गिअरबॉक्सच्या बैठकीखालची पट्टी काढून मागची बाजू खाली घेतली, तेव्हा इंजिनाला ३ अंशांचा उतार आला. शाफ्टचा उतारही एका अंशाने घटला आणि दोन्ही कोन एकेक अंशाचे झाले. थरथर थांबली.

मोजताना गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर उभी असावी. जॅकवर चौकट उचलून घेतलेले माप खोटे ठरते. रिकाम्या व भरलेल्या, दोन्ही अवस्थांत मोजावे. इंजिनाच्या बैठका आधी टाके मारून धराव्यात, आणि माप जुळल्यावरच पक्के वेल्डिंग करावे. इंजिन हलविणे अशक्य असेल, तर कमानपाटे व अॅक्सल यांच्यामध्ये योग्य मापाची पाचर घालून पिनियनचे तोंड फिरविता येते. मात्र यू-बोल्ट पुन्हा नीट आवळावेत. गाडी जोराने ओढू लागली की पाटे पिळवटून पिनियनचे तोंड किंचित वर येते, हेही ध्यानात असावे.

शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा विचार न करता इंजिन बदलू नये. नोंदणी कार्यालयात आधी चौकशी करावी.

बंधूंनो, हा केवळ क्रॉसच्या किमतीचा प्रश्न नाही. घाट उतरताना शाफ्ट तुटला, तर इंजिनाचा चाकांवरील आवर तत्क्षणी सुटतो. ज्या गाड्यांचा हातब्रेक गिअरबॉक्सच्या मागे असतो, त्यांचा तोही निकामी होतो. सारा भार पायब्रेकवर पडतो, आणि केबिनमध्ये आपल्याच कोणाचा तरी मुलगा बसलेला असतो. ओळंब्याला व अर्ध्या तासाच्या श्रमाला त्यापुढे किंमत ती काय? आपल्या गॅरेजातील प्रत्येक उमेदवार मुलाच्या हाती पान्याबरोबर कोनमापकही यावा, एवढी माझी इच्छा आहे.