न तपासली जाणारी वही

आत्मचिंतनाची पहिली पायरी अगदी साधी असते: दिवसभरात आपले लक्ष कुठे होते, मन कशाने हलले, हे चार ओळींत टिपणे. मॅरिअन मिल्नर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२६ साली एवढ्यावरूनच सुरुवात केली. शिक्षण झाले होते, नोकरी होती, तरी आपण खऱ्या अर्थाने जगतो आहोत असे त्यांना वाटत नव्हते. ज्यातून आनंद झाला ते क्षण त्या रोज लिहू लागल्या. ज्यातून आनंद मिळायला हवा अशी समजूत होती, ते वहीत फारसे आलेच नाही. आले ते बारीकसारीक. एका जागी खिळलेले लक्ष सैल सोडले की नेहमीचेच दृश्य जिवंत होते, हेही त्यांना उमगले. या नोंदींचे पुस्तक १९३४ साली जोआना फील्ड या टोपणनावाने निघाले.

व्यावसायिक शिक्षणात आत्मचिंतनाचा हा विचार ठळकपणे मांडला तो डोनाल्ड शॉन यांनी, १९८३ साली. कुशल माणूस काम करता करता विचार करतो आणि काम संपल्यावर पुन्हा त्याकडे वळून पाहतो, असे त्यांचे म्हणणे. बी.एड.च्या चिंतनवहीमागची धारणा हीच. पण वहीला गुण लागले आणि सगळे बिघडले. सादरीकरणाच्या आदल्या रात्री एकच वही वसतिगृहभर फिरते. प्रत्येक वहीत ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ हे वाक्य असतेच.

एका अध्यापक महाविद्यालयातील एका छात्राध्यापिकेने मात्र खरे लिहिले. अपूर्णांकांच्या पाठात मागच्या बाकावरच्या मुलाने शंका विचारली. उत्तर सुचेना, म्हणून तिने त्याला दटावून खाली बसवले. त्याचा उतरलेला चेहरा रात्रीपर्यंत डोळ्यांपुढून हलला नाही. मार्गदर्शकांनी लाल शाईने शेरा मारला, ‘वर्गनियंत्रण कमी’, आणि दोन गुण कापले. पुढच्या पाठापासून तिच्या वहीत प्रत्येक पाठ यशस्वी झाला. अध्यापक शिक्षणाने स्वतःचे केलेले याहून मोठे नुकसान दाखवणे कठीण आहे. त्या चार ओळींत एक शिक्षिका घडत होती.

पदवी घेऊन शाळेत रुजू होताच टाचण, हजेरी, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती यांत दिवस जातो, आणि हे सगळे कोणीतरी तपासते. म्हणूनच एक वही या सगळ्याबाहेर हवी. तीत रोज एकच तास आठवावा: कोणते मूल काय म्हणाले, आणि त्या वेळी आपल्या आत काय झाले. राग आला असेल तर राग लिहावा, कंटाळा आला असेल तर कंटाळा. शुद्धलेखन पाहू नये, उपाय शोधण्याची घाई करू नये. चार दिवस खंड पडला तर पाचव्या दिवशी पुढे लिहावे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ बारा महिने निसर्गाकडे पाहत राहण्यातून उभे राहिले आहे; वर्गाकडेही तसेच पाहता येते.

नव्या शिक्षकांना विनंती एकच: ही वही मुख्याध्यापकांनी मागितली तरी देऊ नये.