जाळे न पडलेल्या तलावाचे मुद्दल

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात खेड येथे दिलेले भाषण)



चिटणिसांच्या आग्रहावरून मी आज आपणापुढे उभा आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात मुलांना त्रैराशिक शिकविण्यात घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहे. परंतु आजच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी त्रैराशिकातच आहे.

जगबुडी आणि दाभोळची खाडी यांच्या मासळीवर आपल्या कित्येक घरांच्या चुली पेटल्या. आता खाडीत पूर्वीसारखी मासळी लागत नाही, म्हणून तरुणांची दृष्टी नातूवाडीच्या धरणासारख्या अडविलेल्या पाण्याकडे आणि डोंगरातील तलावांकडे वळली आहे. गेल्या उन्हाळ्यात काही तरुण माझ्याकडे अर्ज लिहून घेण्यास आले. "गुरुजी, त्या तळ्यात आजवर कोणी जाळे टाकलेले नाही. मासळी नुसती भरली आहे," असे ते म्हणाले. कर्ज काढून होड्या घ्याव्यात व ठेका मिळवावा, असा त्यांचा बेत होता. मी लेखणी उचलली नाही.

त्याचे कारण असे की, तीस वर्षांपूर्वी असाच एक अर्ज मी लिहिला होता. पहिल्या वर्षी मासळी टोपल्यांत मावेना. दुसऱ्या वर्षी मोठा मासा दिसेनासा झाला. तिसऱ्या वर्षी होडी विकून कर्जाचे हप्ते भरावे लागले. त्या अर्जावरील अक्षर माझे होते, आणि त्या घरांतील मुले माझ्याच वर्गात बसत होती.

चूक कोठे झाली? ज्या पाण्यात जाळे पडत नाही, तेथे म्हातारे व थोर मासे साठून राहतात. पहिल्या वर्षी हाती येते ते अनेक वर्षांचे साठलेले मुद्दल. आपण त्यालाच वर्षाचे व्याज समजलो. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महाशीर कोणी धरीत नाही. खाऊ टाकताच मासे वर झेपावतात आणि पाहणाऱ्याला कोंड मासळीने ओसंडतो असे वाटते. पण एके ठिकाणी जमलेली झुंड म्हणजे गणती नव्हे.

गणतीची रीत अशी. डेन्मार्कच्या पीटरसन नावाच्या संशोधकाने १८९६ साली मासे खुणा करून सोडले होते. त्याच मार्गाने समजा, आपण एका जातीचे २०० मासे परावर खूण करून सोडले. ते तळ्यात चांगले मिसळल्यावर पुन्हा १५० धरले आणि त्यांत १० खुणेचे निघाले. मग त्रैराशिकाने एकूण मासे ३,००० झाले. सरासरी वजन दीड किलो धरल्यास तळ्यात ४,५०० किलो मासळी आहे. आता खवल्यांवरील वलयांवरून वयाचा अंदाज घेऊन, दरसाल शेकडा २० मासे आपोआप मरतात असे दिसले, तर ते ९०० किलो. जॉन गलंड या शास्त्रज्ञाने १९७१ साली सुचविलेल्या ठोकताळ्याप्रमाणे त्याच्या निम्मे, म्हणजे ४५० किलो, दरसाल काढता येतील. पुढील संशोधकांना हे प्रमाणही जास्तच वाटले. तीस घरांत वाटल्यास घरटी १५ किलो! यावर होडीचे कर्ज फिटेल काय, याचा विचार आपणच करावा.

आणखी एक गोष्ट पाहावयास हवी. कटला, रोहू, मृगळ हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून बारीक आसाच्या जाळ्यात या जातींची पिले सापडतात की नाही, हे पाहावे. पिले नसतील, तर ते व्याज देणारे मुद्दलच नव्हे. दरसाल बोटुकली सोडण्याचा खर्च हिशेबात धरावा लागेल.

कॅनडातील ग्रेट स्लेव्ह सरोवराची शास्त्रज्ञ रॉसन यांनी १९४४ साली पाहणी केली आणि १९४५ पासून तेथे व्यापारी मासेमारी सुरू झाली. पुढे वार्षिक मर्यादाही ठरली. तरी सावकाश वाढणारा ट्राऊट मासा पुढे घटलाच; लवकर वाढणारा व्हाइटफिश टिकला. आपला महाशीरही सावकाश वाढणारा आहे, हे विसरू नये.

म्हणून तरुणांना माझी विनंती आहे. कर्जापूर्वी एक वर्ष परवानगीने चाचणीची मासेमारी करावी. निरनिराळ्या आसांची जाळी लावावी. प्रत्येक माशाची जात, लांबी व वजन वहीत टिपावे. पावसाळ्यात विणीच्या काळात जाळे बंद ठेवावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण बुडीत कर्जाहून हलके आहे.

मोजणीची वही भरून माझ्याकडे या. आकडा अनुकूल निघाल्यास अर्ज मी स्वहस्ते लिहीन. प्रतिकूल निघाल्यास आपण मिळून दुसरा मार्ग शोधू. दोन्ही प्रसंगी माझे दार उघडे आहे.