जुना तंबोरा आणि त्याची जवारी
(वार्षिक संमेलनप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या पुष्कळ घरांत माळ्यावर एखादा जुना तंबोरा आढळतो. आजीने वा आत्याने त्यावर गाणे शिकलेले असते. ती पिढी गेली आणि तंबोरा मुका झाला. मग कोणी तो मोडीत काढतो, तर कोणी रंगरंगोटी करून दिवाणखान्याची शोभा म्हणून उभा करतो. यांहून निराळा असा तिसरा मार्ग आहे. तो म्हणजे त्यास पुन्हा बोलते करणे.

माझ्या आत्याचा तंबोरा मी याच हेतूने मिरजेस नेला. एकोणिसाव्या शतकात तेथील शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर, वाद्ये घडवू लागले. फरीदसाहेब हे त्या परंपरेचे आद्य पुरुष मानले जातात. तलवारीचे दिवस सरले, पण हातचे कसब या मंडळींनी वाया जाऊ दिले नाही.

तंबोऱ्याची दुरुस्ती हा चिकाटीचा विषय आहे. भोपळ्यास गेलेली चीर आतून कापडाची पट्टी चिकटवून सांधतात. सुटलेल्या सांध्यातील जुना सरस खरवडून नवा भरतात आणि तो वाळेपर्यंत सांधा आवळून ठेवतात. घसरणाऱ्या खुंटीस थोडा खडू चोळला की ती जागा धरते. सारा जन्म खडू हाती धरूनही त्याचा हा गुण मला तेथेच प्रथम कळला!

परंतु खरी कसोटी जवारीची. घोडीचा माथा सपाट दिसतो, तरी त्यास अतिशय सौम्य उतार असतो. तार त्या उतारास किंचित स्पर्श करीत कंप पावते, म्हणूनच एका स्वरातून अनेक उपस्वर उमटतात. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तेथे चरे पडतात आणि आवाज बसतो. कारागीर कानशीने घोडी केसभर घासतो, तार चढवितो, ऐकतो, पुन्हा उतरवितो. अखेरीस तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधतो. हे काम फूटपट्टीने होत नाही, कानाने होते. आणि असा कान तयार होण्यास अनेक वर्षे जातात.

२०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि मानांकनाने चूल पेटत नाही. ती हाताला काम मिळाल्याने पेटते. विजेवरचा तंबोरा रियाजास सोयीचा आहे, त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच्या सोयीपायी जवारी लावणारा हात नाहीसा झाला, तर तो पुन्हा कोठून आणावयाचा?

बंधुभगिनींनो, आपण येथे ज्ञातीच्या अभिमानाने जमलो आहोत. आपल्या आजीच्या स्वरास आधार देणारे वाद्य मात्र शेतकऱ्याच्या मळ्यातील भोपळ्यातून आणि शिकलगाराच्या हातून आले. आपले म्हणून जे आपण मिरवितो, त्यात असे किती तरी हात आहेत. हे ऋण मानल्याने अभिमान उणा होत नाही, तो शोभून दिसतो.

म्हणून विनंती अशी की, ज्यांच्या घरी जुना तंबोरा असेल त्यांनी तो जाणत्या कारागिराकडे न्यावा, त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये आणि जाताना घरातील एखाद्या मुलाला वा मुलीला बरोबर न्यावे. जवारी कशी लागते, हे त्या कोवळ्या कानांनी एकदा तरी ऐकावे.

इतके बोलून मी आपली रजा घेतो.