न खाजणारा डाग



वसंतातल्या व्याख्यानाला काव्याचा किंवा तत्त्वज्ञानाचा विषय शोभतो; गजकर्ण, खरूज आणि महारोग यांचा नव्हे, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. परंतु नागपूरचा वसंत कसा असतो हे आपण जाणताच. चैत्र सरतो न सरतो तोच पारा चाळिशी ओलांडतो, सदरा पाठीला चिकटतो आणि काखेत, जांघेत खाज सुरू होते. तेव्हा विषय ऋतूला धरूनच आहे.

कातडीचे रोगी तपासण्यात आमची बरीच वर्षे गेली. त्या अनुभवातून आज एकच गोष्ट सांगावयाची आहे. खाजणारा डाग दिसला की मनुष्य तातडीने नको ते औषध करतो, आणि न खाजणारा डाग दिसला की काहीच करीत नाही. दोन्ही चुकांची किंमत त्याला मोजावी लागते.

प्रथम खाजणारा डाग घेऊ. गजकर्ण ही बुरशी आहे. डागाच्या कडेचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धागे दिसतात. खरूज ओळखायला तर पुष्कळदा दोन प्रश्न पुरतात : खाज रात्री वाढते का, आणि घरात आणखी कोणाला आहे का? उत्तर होकारार्थी आले, तर बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, आणि औषध एकट्या पोराला न देता साऱ्या घराला एकाच वेळी द्यावे. नाहीतर एकाची खरूज जाते तोवर दुसऱ्याची त्याच्याकडे परत येते.

परंतु रोगी दवाखान्यात येण्याआधी औषधाच्या दुकानात जाऊन आलेला असतो. १९५२ साली अमेरिकेत सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन वर्गातले औषध कातडीवर लावून गुण येतो असे दाखविले. इसबासारख्या रोगांत ते वरदानच ठरले. पुढे त्याच कुळातली फार जहाल स्टेरॉइडे निघाली आणि बुरशीच्या व जंतूंच्या औषधांबरोबर ती एकाच नळीत भरली जाऊ लागली. असे मलम लावताच दोन दिवसांत खाज थांबते. रोगी म्हणतो, रामबाण आहे! प्रत्यक्षात शरीराचा प्रतिकार तेवढा झोपलेला असतो. बुरशी आत वाढत जाते, वर्तुळाची कड पुसट होऊन डाग ओळखू येईनासा होतो, आणि जांघेची कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे चरे पडतात. गोरेपणासाठी हेच मलम तोंडाला फासणाऱ्या मुली लाल, पुटकुळ्यांनी भरलेला चेहरा घेऊन येतात. २०१८ साली अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा सरकारी नियम झाला. पण मागणारा हात थांबल्याशिवाय नुसत्या नियमाने काय होणार?

आता दुसरा डाग. तो फिकट किंवा तांबूस असतो. खाजत नाही, दुखत नाही. सारे अंग घामाने भिजलेले असताना तेवढाच कोरडा राहतो. डोळे मिटून कापसाचा धागा टेकविला तर पुष्कळदा तो कळत नाही. हा कुष्ठरोग असू शकतो. काही प्रकारांत बधिरपणा नसतो. तेथे कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन जंतू पाहतात. कोपरामागची नस हाताने चाचपून ती जाड झाली आहे का हेही पाहावे लागते.

येथे आमचीच चूक सांगतो. आम्ही नवखे असताना एक शेतमजूर बाई कोपराजवळचा डाग घेऊन आली. बाहेर रांग मोठी होती. आम्ही खुर्चीवरून न उठता गजकर्णाचे मलम लिहून दिले. “खाजत नाही जी, डॉक्टरसाहेब,” असे ती म्हणाली होती. ते आम्ही ऐकले, पण त्याचा अर्थ लावला नाही. दीड वर्षाने ती परत आली तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकले होते. चुलीवरचे भांडे उतरविताना हात भाजल्याचे तिला कळलेही नव्हते. औषधाने जंतू मेले, पण बोटे सरळ झाली नाहीत. निदानाला त्या दिवशी यंत्र नको होते. कापूस आणि पाच मिनिटे पुरली असती.

हा प्रश्न विदर्भाला नवा नाही. १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी कुष्ठसेवा आरंभिली. सेवाग्रामला परचुरेशास्त्र्यांच्या अंगाला गांधीजी स्वतः मालीश करीत. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले, वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन. ज्यांना घराने बाहेर काढले त्यांना या माणसांनी घर दिले. आज मात्र घर सोडण्याची वेळच येऊ नये इतकी औषधे समर्थ आहेत. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. सहा महिने किंवा वर्षभर ती घेतली की रोग बरा होतो, आणि सुरुवातीच्या काही मात्रांतच संसर्गाची भीती संपते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. २००५ च्या अखेरीस देशातील प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. तरी चंद्रपूर-गडचिरोलीकडून रोगी येतच आहेत. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली कायद्यातून गेले. मनातून ते अद्याप जावयाचे आहे. म्हणूनच लोक डाग लपवितात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पण ही मूठ झाकून ठेवली तर ती पुढे उघडतच नाही.

तेव्हा एवढेच करा. महिन्यातून एकदा उजेडात स्वतःचे आणि मुलांचे अंग पाहा. डाग खाजत असेल तर दुकानातले मलम लावू नका, आणि खाजत नसेल तर वाट पाहू नका. १९४७ साली निघालेले आपले मेडिकल आणि त्याहून जुने मेयो याच गावात आहे. तेथे जा, आणि डॉक्टर खुर्चीवरून उठला नाही तर त्याला नम्रपणे सांगा, “साहेब, जरा कापूस लावून पाहा.” त्याचा राग मानण्याचा अधिकार आम्हां डॉक्टरांना नाही.