बुबुळावरील व्रण आणि उल्बपटलाचे प्रत्यारोपण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नेत्रचिकित्सकास व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो मोतीबिंदूवर किंवा नेत्रदानावर बोलणार, अशी श्रोत्यांची साधारणतः अपेक्षा असते. आज मी विषय थोडा निराळा निवडला आहे आणि त्याचे कारण आपल्या शिवारातच आहे. सांगली-कोल्हापूर भागातील आपली पुष्कळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेतीवर उभी आहेत. उसाचे पाते कधीच कोणाच्या डोळ्याला लागले नाही, असे घर या सभागृहात क्वचितच असेल.

डोळ्याच्या अगदी पुढे, घड्याळाच्या काचेसारखे जे पारदर्शक पटल असते त्यास आम्ही पारपटल म्हणतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते निर्मळ राहते. परंतु त्याच कारणाने रोगजंतू आत शिरले तर त्यांच्याशी लढणारे सैन्यही तेथे उशिरा पोहोचते. साधा ओरखडा एक-दोन दिवसांत भरून येतो. पात्याबरोबर किंवा भाताच्या तुसाबरोबर फ्युजेरियम, ॲस्परजिलस यांसारखी बुरशी आत गेली म्हणजे मात्र पांढरा ठिपका दिसू लागतो, डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही. हाच बुबुळावरील व्रण. तो बरा झाला तरी मागे जो पांढरा डाग राहतो, त्यास आपण ‘फूल पडले’ असे म्हणतो. इतक्या वाईट गोष्टीला इतके सुंदर नाव आपल्या भाषेने का दिले असावे, हे कोडे मला उलगडलेले नाही.

उपचाराकडे वळण्यापूर्वी वेळेचे महत्त्व सांगणे मला अगत्याचे वाटते. नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांनी डोळ्याला ओरखडा आलेल्या लोकांना क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस लावले. या कामाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. इजा झाल्यापासून अठरा तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. अठरा ते चोवीस तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांना झाला. एक दिवस उलटून गेल्यावर आलेले ४९ जण होते; त्यांतील १४ जणांना व्रण झाला. या आकड्यांवर अधिक भाष्य करण्याची गरज नाही. आपल्याकडे मात्र तो पहिला दिवस बहुधा आईचे दूध, मध किंवा एरंडेल घालण्यात जातो. दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानातून ‘लाली जाण्याचे थेंब’ आणले जातात. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. लाली जाते, ठणका कमी होतो, रुग्ण समाधानी होतो आणि बुरशी आत निर्धास्त वाढते. मला सर्वांत जास्त भय वाटते ते या दोन दिवसांच्या समाधानाचे.

व्रण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि जंतू ओळखून औषध द्यावे लागते. बुरशीसाठी नॅटामायसिन हे जुने औषध अजूनही पहिल्या पसंतीचे आहे. परंतु औषधाने जंतू मेले, तरी काही रुग्णांत जखमेचे तोंड मिटत नाही. मधुमेह असलेल्यांत, नागिणीसारख्या विषाणूंमुळे डोळ्याची संवेदना गेलेल्यांत असे विशेष घडते. वरचा पेशींचा थर पुढे सरकत नाही, आणि खालचा भाग शरीराच्याच पांढऱ्या पेशींतून सुटणाऱ्या पाचक द्रव्यांनी विरघळत जातो. पटल पातळ होते आणि कधी त्याला भोकही पडते. औषधे थिटी पडू लागतात ती येथे, आणि उल्बपटलाचा उपयोगही येथेच होतो.

बाळंतपणात बाळामागून वार पडते, हे येथील भगिनींना मी सांगावयास नको. गर्भजलाची पिशवी वारेबरोबरच येते. तिचा सर्वांत आतला, बाळाच्या बाजूचा, तलम पडदा म्हणजे उल्ब. वैद्यकीय भाषेत ॲम्निऑन. आपल्याकडे वार मातीत पुरण्याची रीत होती. रुग्णालयात ती टाकून दिली जाते. या पडद्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. वरती पेशींचा एकच थर, त्याखाली जाड व बळकट आधारपटल आणि त्याखाली मऊ तंतूंचा थर, इतकीच त्याची रचना. ते आधारपटल डोळ्याच्या पृष्ठभागावरील आधारपटलाशी पुष्कळ जुळते. अडून राहिलेल्या पेशींना त्यावर पाय रोवता येतात. नांगरलेल्या, भुसभुशीत रानात बी रुजावे तसेच हे आहे. शिवाय दाह कमी करणारी आणि त्या पाचक द्रव्यांना आवर घालणारी तत्त्वेही त्यात असतात.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डेव्हिस यांनी १९१० मध्ये त्वचेच्या कलमासाठी गर्भवेष्टने वापरली. डोळ्यासाठी पहिला प्रयत्न द रॉथ यांनी १९४० मध्ये केला. यश बेताचेच आले. १९४६-४७ च्या सुमारास लंडनमध्ये सॉर्स्बी यांनी डोळ्यातील दाहक रसायनांच्या भाजण्यावर वाळवलेले उल्ब वापरले. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे ही गोष्ट विस्मृतीत गेली. १९९५ मध्ये किम व त्सेंग यांनी सशांवरील प्रयोगांतून ती पुन्हा पुढे आणली. १९९७ मध्ये ली व त्सेंग यांनी न भरणाऱ्या व्रणांच्या अकरा रुग्णांवर हा उपचार केला. दहा जणांचे व्रण भरले. अकरा ही संख्या लहान खरी, परंतु ते रुग्ण इतर उपाय थकल्यानंतरचे होते. पुढे जगभर व भारतातही हा उपचार रूढ झाला.

पटल मिळवण्याची पद्धत कडक आहे. नियोजित सिझेरियनमधील वारच घेतात. मातेची एचआयव्ही, कावीळ ब व क आणि उपदंश यांसाठी तपासणी होते. पटल प्रतिजैविकांच्या द्रावणात धुऊन, विशिष्ट कागदावर पसरून, ग्लिसरीनयुक्त द्रावणात उणे ८० अंश सेल्सियसला गोठवतात. काही पेढ्यांत ते वाळवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ऊतिपेढीत अशी उल्बपटले तयार होत आली आहेत. गोठवल्याने त्यातील पेशी जिवंत राहत नाहीत, पण आपल्याला हवे असते ते खालचे रान. शरीराने ते परके म्हणून झिडकारण्याचा धोकाही त्यामुळे फारच कमी होतो.

शस्त्रक्रिया पाहावयास साधी दिसते. व्रणातील मृत भाग काढून, त्याच्या आकाराचा तुकडा कापून, केसाहून बारीक नायलॉनच्या टाक्यांनी बसवतात. व्रण खोल असेल तर एकावर एक थर देऊन खड्डा भरतात. कधी संपूर्ण पारपटलावर मलमपट्टीसारखे पटल अंथरतात. ते साधारण दोन-तीन आठवड्यांत आपोआप विरून जाते. चुन्याची पुडी फुटून मुलांचे डोळे भाजतात, त्यांतही अशी पट्टी वेळेवर घातल्यास उपयोगी पडते.

येथे मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. या उपचाराने डोळा वाचतो, ठणका थांबतो. दृष्टी परत येईलच असे नाही. मध्यभागी दाट फूल राहिले तर पुढे पारपटल प्रत्यारोपण करावे लागते, आणि त्यासाठी नेत्रदानातून मिळालेला डोळाच हवा. उल्ब त्याची जागा घेऊ शकत नाही. मोठे भोक पडले असेल तर केवळ त्यावर भिस्त ठेवता येत नाही, आणि जिवंत संसर्गावर औषधांवाचून नुसते पटल घालणे म्हणजे घाण झाकून ठेवणे होय. परंतु व्रण चिघळत असताना व प्रत्यारोपणासाठी नेत्र उपलब्ध नसताना, डोळा काही आठवडे तग धरून राहिला, हेही रुग्णाच्या दृष्टीने फार मोठे असते.

एका भगिनींनी चिठ्ठी पाठवून विचारले आहे की, सुनेच्या बाळंतपणात हे पटल द्यावयाचे असेल तर काय करावे, आणि बाळाला त्याचा काही अपाय होतो का? बाळाला काहीही अपाय नाही. बाळ जन्मल्यावर, नाळ कापल्यावर आणि वार बाहेर आल्यावरच ती घेतली जाते. मात्र सिझेरियनची तारीख ठरताच प्रसूतितज्ज्ञांना सांगून जवळच्या नेत्रपेढीशी किंवा ऊतिपेढीशी आधी बोलणे करावे, कारण प्रत्येक रुग्णालयात ही सोय नसते. संमतीपत्रावर सही सुनेची स्वतःची लागते. सासूबाईंची चालत नाही. ती कळा सुरू झाल्यावर नव्हे, तर शांतपणे आधी घेतली जाते. रक्ताची तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा करावी लागते, त्यासाठी तिने एकदा येण्याची तयारी ठेवावी. एका वारेतून अनेक तुकडे निघतात, आणि ते वेगवेगळ्या रुग्णांसाठी वापरले जातात.